इथिओपियाचे प्राध्यापक

एखाद्या देशाची माहिती एका पानात मावते असा तुमचा समज असेल, तर इथिओपियाच्या अभ्यासकाला एकदा गाठाच. हे गृहस्थ अदिस अबाबात भेटतात, हॅम्बुर्गला भेटतात, नेपल्सलाही भेटतात. वय साठीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुकांची यादी. स्वतःचं पुस्तक गेली कित्येक वर्षं 'छपाईला जातंय'.

त्यांच्यापुढे साधा तक्ता ठेवा. राजधानी, लोकसंख्या, भाषा, चलन, इतिहास. सहावीतलं पोरगं पाच मिनिटांत भरून देईल. यांच्याकडून राजधानी आणि चलन मिळतं, आणि मग गाडी अडते.

"लोकसंख्या बारा कोटींच्या वर, बरोबर?"

"कुणी मोजली?"

"म्हणजे... असं म्हणतात."

"म्हणतात ना? शेवटची जनगणना 2007 सालची. पुढची जी लांबणीवर पडली ती पडलीच. 'अंदाजे' लिहा."

तुम्ही निमूटपणे 'अंदाजे' लिहिता आणि कंसात 2007 टाकता. तेवढ्यात त्यांचा हात तुमच्या पेनावर येतो. "हे 2007 तुमचं. त्यांच्या पंचांगात तेव्हा 1999 चालू होतं. सप्टेंबरात नवं वर्ष लागलं आणि 2000 उजाडलं. अफार आणि सोमाली भागांतली मोजणी नोव्हेंबरात झाली. म्हणजे एकच जनगणना, पण दोन वर्षांत. आता काय लिहिणार?"

काय लिहिणार, कपाळ! तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच-सहा दिवसांचा तेरावा, असं ते पंचांग. घड्याळाची तऱ्हाही वेगळीच. तिथे दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात होते, त्यामुळे आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. प्राध्यापकांनी "दोनला या" म्हटलं म्हणून तुम्ही जेवून, वामकुक्षी आटोपून पोचलात, तर ते सहा तास तुमच्या नावानं खडे फोडत बसलेले असतात.

इतिहासाच्या रकान्यात तर तुम्ही कसेही वागलात तरी मार खाता. 'हा देश कधीच कुणाची वसाहत नव्हता' असं लिहिलंत तर "मग 1936 ते 1941 मुसोलिनीचं सैन्य तिथे काय हवा खायला गेलं होतं?" बरं, 'इटलीची वसाहत' लिहिलंत तर ते खुर्चीवरून ताडकन उठतात. "आद्वाची लढाई! 1896! बादशहा मेनेलिकनं इटलीच्या फौजेची दाणादाण उडवली, ते विसरलात?" वसाहत नव्हे, पाच वर्षांचा लष्करी ताबा. हा फरक पटेपर्यंत कॉफीच्या तिन्ही फेऱ्या होतात. (तिथे पाहुण्याला एका कपावर उठू देत नाहीत. या विषयाला इतके अभ्यासक कसे लाभले, त्याचं हे एक कारण असावं.)

मग ते हाताला धरून तुम्हाला विद्यापीठाच्या आवारात नेतात. हैले सेलासी बादशहांचा जुना राजवाडा आता विद्यापीठाचा आहे, आणि इथिओपियाच्या अभ्यासाची संस्था तिथेच. बादशहांची शेजघर-न्हाणीघरासकट सगळी व्यवस्था पाहायला मिळते. पण प्राध्यापक थांबतात ते बाहेरच्या एका जिन्यापाशी. इटालियनांनी बांधलेला हा जिना कुठेच जात नाही. मुसोलिनीच्या सत्तेच्या एकेका वर्षाची एकेक पायरी. इथिओपियनांनी तो पाडला नाही, वरच्या टोकाला आपला सिंह नेऊन बसवला. इथे मात्र प्राध्यापक चक्क गप्प बसतात. त्या सिंहात त्यांना दुरुस्त करण्यासारखं काही सापडलेलं नाही.

वर्तमानपत्रवाल्यांवर त्यांचा विशेष राग. तिथे आडनाव नसतं, आपल्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं. त्यामुळे अबी अहमद या पंतप्रधानांबद्दल 'अहमद म्हणाले' असं छापून आलं की प्राध्यापक विचारतात, "वडील कधी बोलले?"

त्यांना गप्प करायचा एकच उपाय, योब लुडॉल्फचं नाव काढणं. या विद्येचा मूळपुरुष हा सतराव्या शतकातला जर्मन पंडित. अब्बा गोर्गोर्योस या इथिओपियन धर्मगुरूपाशी बसून तो भाषा शिकला, व्याकरण लिहिलं, 1681 साली देशाचा इतिहासही छापला, आणि आयुष्यात एकदाही तिथे गेला नाही. "तुम्ही किती वर्षं राहिलात?" हा प्रश्न दुसऱ्यांवर टाकून त्यांना गारद करणाऱ्या माणसाला हे नाव झोंबणारच.

हे गृहस्थ आपल्याकडेही येतात. छत्रपती संभाजीनगरला उतरतात, वेरूळची लेणी डावलतात आणि थेट खुलदाबादला मलिक अंबरच्या कबरीवर जातात. गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियातला एक मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता होतो, मोगलांना जेरीस आणतो, आजच्या संभाजीनगरचं मूळ असलेलं खडकी वसवतो आणि नहरीनं तिथे पाणी खेळवतो, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. रिक्षावाला मात्र वेरूळचंच भाडं सांगत राहतो.

तेव्हा असे कुणी भेटले तर त्यांना खुलदाबादची गाडी ठरवून द्या, चहा पाजा, सगळं ऐकून घ्या. फक्त निघायची वेळ सांगताना कुणाच्या घड्याळाची ते आधी विचारा.