टाकीतला गंज आणि आमटीतली चिंच

ब्रनो, चेक प्रजासत्ताक

ती. दादा व ती. आई यांस ब्रनो येथील तिघांचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागील पत्र साडेतीन ओळींचे होते, ही दादांची तक्रार ध्यानात घेऊन प्रस्तुत पत्र सविस्तर व सप्रमाण लिहिले आहे. पाठवलेली चिंच अजून पुरते आहे का, या आईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यात यथावकाश येईल.

लोखंड, हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांच्या संयोगाने जो तांबूस, भुसभुशीत पापुद्रा तयार होतो त्याला गंज म्हणतात हे सर्वश्रुत आहे. परंतु विदर्भात याच शब्दाने पातेल्यासारख्या एका भांड्याचाही बोध होतो, आणि या द्व्यर्थाची नोंद येथे करणे भाग आहे, कारण सुट्टीच्या सकाळी चिरंजीवांनी "आज गंज काढायचा" असे जाहीर केले तेव्हा अमरावतीच्या सूनबाईंनी ओट्याखालचा सर्वांत मोठा गंज काढून त्यांच्यापुढे ठेवला. पुढील सर्व प्रयोग त्याच भांड्याच्या साहाय्याने झाले.

प्रयोगाचा विषय असलेली टाकी जावा ३५० या मोटारसायकलची असून, ती गाडी शेजारच्या आजोबांच्या तळघरात कित्येक वर्षे उभी होती. यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. पुढे १९६१ पासून म्हैसूरला याच गाड्या बनू लागल्या आणि त्याच कारखान्यातून येझदी निघाली. म्हणजे दादांची येझदी या गाडीची धाकटी बहीण ठरते. किकचाच दांडा गिअरचाही दांडा असणे हे त्या घराण्याचे लक्षण आजोबांपुढे हातवाऱ्यांनी वर्णन करण्यात आले, तेव्हा त्यांनी गाडी जवळजवळ फुकटच देऊन टाकली.

टाकी अर्धी रिकामी राहिली की उरलेल्या जागेतील हवेचा ओलावा थंडीत पत्र्याला आतून थेंबाथेंबाने धरतो, आणि पेट्रोल पाण्याहून हलके (लिटरभर पेट्रोल सुमारे पाऊण किलो भरते) असल्यामुळे ते पाणी तळाशी जाऊन बसते. म्हणून गंज नेहमी तळालाच, पेट्रोलच्या कॉकच्या आसपास सर्वाधिक सापडतो, आणि त्याचे कण पुढे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत अडकून गाडी बंद पाडतात. जावा टू-स्ट्रोक असल्याने तिच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते आणि त्याचा चिकट थर आम्लाला गंजापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून टाकी प्रथम भांड्यांच्या साबणाने तीन-चारदा खळखळून धुवावी लागते. या धुण्याचे दुसरे, अधिक गंभीर कारण असे की पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे स्फोटक मिश्रण भरलेले असते. वास पूर्ण जाईपर्यंत सूनबाईंनी देवापुढे निरांजनसुद्धा लावू दिले नाही.

गंज विरघळवण्यास सौम्य आम्ल लागते. येथे ८ टक्क्यांचे व्हिनेगर कोणत्याही वाण्याकडे मिळते, परंतु तो दिवस २८ ऑक्टोबरचा, म्हणजे येथील राष्ट्रीय सणाचा होता व त्या दिवशी मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात. अशा वेळी चिरंजीवांना देवघरातील पितळी समई आठवली. समई ज्या चिंचेने लख्ख होते त्या चिंचेत टार्टारिक आम्ल असते, आणि धातूच्या ऑक्साइडला विरघळवणारे आम्ल पितळ व लोखंड असा भेदभाव फारसा करत नाही, हा त्यांचा युक्तिवाद तत्त्वतः बिनचूक होता. साताऱ्याहून आलेली दोन किलो चिंच गंजात भिजवण्यात आली, कोळ काढण्यात आला आणि घाईमुळे न गाळताच टाकीत ओतण्यात आला. गंज सुटला की पाणी तांबडे होते, ही यशाची सर्वमान्य खूण आहे. परंतु चिंचेचे पाणी मुळातच तांबडे असल्याने प्रयोग सफल झाला की नाही हे कोणालाच सांगता येईना.

आम्ल उघड्या लोखंडाला भिडले की हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून टाकीचे झाकण सैल ठेवावयाचे असते. ते घट्ट लावले गेले होते. पहाटे केव्हातरी कॉकच्या भोकातील रबरी बूच उडाले आणि न्हाणीघराच्या पांढऱ्या फरशा छतापर्यंत पंचामृतासारख्या माखल्या. नातवाने या घटनेचे वर्णन शाळेत स्वयंप्रेरणेने केले.

दुसऱ्या दिवशी मात्र काम रीतसर झाले. सायकलची जुनी साखळी आत सोडून टाकी हलवली असता सुटे पापुद्रे निघाले (नट किंवा खडे टाकण्यापेक्षा साखळी बरी, कारण ती अखंड बाहेर येते व मोजावी लागत नाही), मग कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल, म्हणजे बाजारचे लिंबूसत्व, विरघळवून रात्रभर भरून ठेवले आणि सकाळी करडा, स्वच्छ पत्रा दिसला. असा नुकता उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांतच पुन्हा नारिंगी पडू लागतो, त्यामुळे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेले आम्ल मारून, स्वच्छ पाण्याने विसळून, सूनबाईंच्या केस वाळवण्याच्या यंत्राने टाकी तत्काळ कोरडी केली गेली व आत ऑइल फिरवण्यात आले. ते यंत्र आता गाडीचेच समजावे, असे सूनबाईंचे मत आहे.

टाकी हलवली असता आत अद्याप काहीतरी खडखडते. नातवाने टॉर्च लावून पाहिले असून तो चिंचोका असल्याचा त्याचा निर्वाळा आहे.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. आठवडाभर आमटीत लिंबू पिळले जात आहे. पुढील पार्सलमध्ये गोडा मसाल्याबरोबर दोन किलो चिंच पाठवावी, ही विनंती. चिंचोके काढलेली असल्यास उत्तम.

कळावे, लोभ असावा.