(कोणतेही दोन)

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत सगळ्यात आधी वाचला जाणारा मजकूर कंसात असतो. प्रश्न काय विचारला आहे ते परीक्षार्थी सावकाश बघतो. त्याची नजर पहिल्यांदा ओळीच्या शेवटी जाते. तिथे ‘कोणतेही दोन’ असे दिसले की त्याचा जीव भांड्यात पडतो, पेनाचे टोपण निघते आणि तीनांपैकी जो प्रश्न अवघड, त्यावर मनातल्या मनात फुली बसते. फुली बसलेल्या प्रश्नाचे पुढे काय होते, याची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. पेपर तपासणाऱ्याला तो दिसत नाही, निकालाच्या कागदावर त्याची नोंद नसते आणि पालकांना तो कधी कळतच नाही. आज त्या बेपत्ता प्रश्नाची फिर्याद दाखल करून घ्यायची आहे.

आधी हिशेब. सामाजिक शास्त्रांना १०० गुण. त्यात भूगोलाचे ४०, इतिहास-राज्यशास्त्राचे ४० आणि उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे. इतिहास-राज्यशास्त्राच्या ४० पैकी २८ इतिहासाने घेतले की राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ येतात. या बारांत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने असे पाच पाठ बसवले आहेत. म्हणजे एका पाठाला सरासरी अडीच गुणसुद्धा येत नाहीत. सहा विषयांच्या ६०० गुणांत हे बारा म्हणजे दोन टक्के. भेळेवर पिळलेल्या लिंबाचे प्रमाण याहून बरे असते. त्यातही योग्य पर्याय निवडायचे दोन गुण तेवढे सक्तीचे. बाकीच्या दहांच्या डोक्यावर कुठे ‘कोणतेही दोन’ तर कुठे ‘कोणताही एक’ असा कंस छत्रीसारखा उघडलेला. बारांच्या बारा गुणांवर पाणी सोडले तरी तेवढ्याने कोणी नापास होत नाही. आणि टक्केवारी सहांपैकी उत्तम पाच विषयांची धरतात, त्यामुळे सामाजिक शास्त्रांत काठावर निभावले तर अख्खा विषयच हिशेबातून गळतो आणि टक्के मात्र शाबूत राहतात. एवढी माया आपण आजारी मुलावरही करत नाही.

मुले हुशार असतात. प्रश्नपत्रिकेतला कंस त्यांनी ओळखला आणि त्याला स्वतःचे क्रियापद दिले : ‘ऑप्शनला टाकणे’. मराठी भाषेला परीक्षापद्धतीने दिलेली ही सर्वांत टिकाऊ देणगी असावी. धडा वाचायचा नाही, समजून घ्यायचा नाही, तो चुकीचा आहे असेही म्हणायचे नाही. फक्त ऑप्शनला टाकायचा. टाकायचा तर कोणता? अर्थात शेवटचा, कारण तिथवर पोहोचायला वेळच उरत नाही. आणि दहावीच्या पुस्तकातला शेवटचा पाठ आहे भारतीय लोकशाहीसमोरील आव्हानांचा. लोकशाहीपुढची आव्हाने दर मार्चमध्ये हजारो घरांत अशी शांतपणे ऑप्शनला टाकली जातात आणि त्याबद्दल आई दूध-बदाम देते.

हे सगळे परीक्षेपुरते राहिले असते तर हसून सोडून देता आले असते. पण संस्कार म्हणतात तो हाच. सिग्नलला दिवे तीन असतात : लाल, पिवळा, हिरवा. त्यातले कोणतेही दोन पाळायचे, हे या राज्यात कोणाला वेगळे शिकवावे लागत नाही, आणि ते दोन कोणते हे चौकात उभे राहिले की कळते. संविधानाच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता अशी चार मूल्ये आहेत. आपल्याला न्याय हवा, आपल्याला स्वातंत्र्य हवे. दोन झाले, पेपर सुटला. समता आणि बंधुता दुसऱ्या कोणी तरी सोडवाव्यात. मूलभूत हक्क सहा, ते सहाही सोडवायला आपली तयारी असते, वेळ पडल्यास पुरवणी मागून. मूलभूत कर्तव्ये अकरा, ती संविधानाने कंस न घालता दिली, म्हणून आपण तो स्वतःच घालून घेतला. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचे बघा. गणपूर्ती होत नाही, म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तीच सभा गणपूर्तीवाचून रीतसर भरते. मधल्या अर्ध्या तासात चहा होतो आणि मग अध्यक्ष व सचिव असे कोणतेही दोन मिळून दीडशे कुटुंबांच्या देखभालखर्चाचा ठराव एकमताने मंजूर करतात. वर गेलो तर आणखी मजा. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ साली आला. तेव्हा विधिमंडळ पक्षातला एक-तृतीयांश गट फुटला तर त्याला फूट म्हणून संरक्षण होते; २००३ च्या घटनादुरुस्तीने ती सवलत काढून टाकली आणि दोन-तृतीयांश सदस्यांनी मान्य केलेल्या विलीनीकरणाची तेवढी ठेवली. एकट्याने पक्ष सोडला तर अपात्र. तीनांतल्या दोघांनी मिळून तेच विलीनीकरण म्हणून केले तर पात्र. तीनांपैकी कोणतेही दोन! दहावीच्या प्रश्नपत्रिकेतला कंस थेट पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत जाऊन बसला आहे आणि आपण मात्र मुलांनी अभ्यास मनावर घेतला नाही म्हणून हळहळतो.

यावर परीक्षेच्या बाजूने पहिला आक्षेप ठरलेला आहे. पर्याय कुठल्या विषयात नसतो? गणितातही ‘कोणतेही दोन’ असतेच, मग गणित शिकलेली मुले हिशेबात गोंधळ घालतात का? आक्षेप वजनदार आहे, पण तराजू चुकीचा आहे. वर्गसमीकरणाची तीन उदाहरणे दिली आणि दोन सोडवायला सांगितली, तर सुटलेल्या तिसऱ्यात वेगळे काही नसते. रीत तीच, आकडे वेगळे. ज्याला दोन आली त्याला तिसरे येते असे मानायला हरकत नाही. राज्यशास्त्रात तसे नाही. राजकीय पक्ष कसा चालतो हे ज्याला कळले, त्याला मतदारसंघ कसे आखतात हे आपोआप कळत नाही. संविधानाची वाटचाल पाठ असणाऱ्याला चळवळ म्हणजे रस्ता अडवणारी गर्दी एवढेच वाटू शकते. दोन समीकरणांत निवड करणे ही सवलत आहे. निवडणूक आणि चळवळ यांत निवड करणे म्हणजे अर्धा नागरिक तयार करून त्याला पूर्ण मत देणे आहे.

दुसरा आक्षेप पुस्तकाच्या बाजूने येतो, आणि तो निम्मा मान्य करायला हवा. पुस्तके वाईट नाहीत. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात आदिवासींच्या, शेतकऱ्यांच्या, स्त्रियांच्या, ग्राहकांच्या चळवळींना जागा आहे. लोकशाहीपुढच्या अडचणी झाकून ठेवलेल्या नाहीत. घोटाळा क्रमात आहे. पुस्तकांच्या या पिढीत ग्रामपंचायत आणि महानगरपालिका येतात सहावीत, मुलगा अकरा वर्षांचा असताना. सातवीत संविधान, आठवीत संसद. नववीत तो परराष्ट्र धोरणावर आणि संयुक्त राष्ट्रांवर जातो, आणि दहावीत भूगोल त्याला ब्राझील फिरवून आणतो. ब्राझीलशी वैर नाही. तुलनेने आपला देश अधिक नीट दिसतो. पण घरासमोरचे गटार ज्या संस्थेच्या ताब्यात आहे, तिची ओळख मुलाला अकराव्या वर्षी एकदा करून दिली आणि नंतर त्याला थेट जगाच्या राजकारणात सोडून दिले, हा प्रवास लिफ्टसारखा आहे : तळमजल्यावर थांबायचेच नाही. गंमत म्हणजे आठवीपर्यंत या विषयाचे नाव नागरिकशास्त्र असते आणि नववीत ते राज्यशास्त्र होते. नागरिक चौदाव्या वर्षी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून उतरतो, त्याच्या जागी राज्य येऊन बसते, आणि या बदलाबद्दल कोणाची तक्रार ऐकू येत नाही, कारण तक्रार करायची ती नागरिकाने.

दहावी संपली की विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचा या विषयाशी संबंधही संपतो. मताचा हक्क मिळतो अठराव्या वर्षी. १९८९ पर्यंत तो एकविसाव्या वर्षी मिळत असे. निवडणूक प्रक्रियेचा शेवटचा धडा पंधराव्या वर्षी, तोही ऑप्शनला टाकलेला, आणि तीन वर्षांनी प्रात्यक्षिक. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक महानगरपालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. तिथे मतदाराला एकाच वेळी सहसा चार जागांसाठी चार मते द्यावी लागतात. यंत्रासमोर उभा राहिलेला नवा मतदार एक बटण दाबतो, दुसरे दाबतो आणि सवयीने बाहेर पडायला वळतो. मतदान पूर्ण झालेले नसते. कर्मचारी हाक मारतात, अजून दोन राहिली. तो गोंधळून बघतो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कंस नसलेला प्रश्न आलेला असतो. सुटकेची वाट तिथेही आहे म्हणा. २०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे बटण आहे, आणि योग्य पर्याय निवडा या प्रश्नात वाढलेल्या पिढीला ते तेवढे एक ओळखीचे वाटते.

आता तिसरा आक्षेप, जो सर्वांत गोड आवाजात घेतला जातो. नागरिकत्व काय पुस्तकातून येते होय? ते घरातून यावे लागते, संस्कारातून यावे लागते. हे ऐकले की विनोद सुचायचा थांबतो. त्रिकोणमिती घरातून यावी असे कोणी म्हणत नाही. रसायनशास्त्राला संस्कार पुरत नाहीत, त्याला शिकवणी लागते, आणि ती आपण लाखभर रुपये मोजून लावतो. फक्त ज्या विषयावर सगळ्यांचे एकत्र जगणे उभे आहे, तो तेवढा आईच्या कुशीत फुकट मिळावा अशी आपली अपेक्षा! कोणत्या घरातून येणार आहे तो? प्रभाग समितीची बैठक कधी होते, हे न विचारता तीस वर्षे कर भरणाऱ्या घरातून? वशिल्याचा फोन झाला की काम झाले असे मानणाऱ्या घरातून? आणि शाळेने तरी शिकवायचे कोणी? राज्यशास्त्र पुस्तकाच्या शेवटी जोडलेले, त्यामुळे त्याची पाळी वर्षाच्या शेवटी. तोवर मास्तर कुठे असतात? मतदार याद्या दुरुस्त करायला दारोदार, नाहीतर केंद्रावर शाईची बाटली घेऊन बसलेले. निवडणूक प्रक्रिया हा पाठ वर्गात होत नाही, कारण तो शिकवणाराच निवडणूक प्रक्रियेत जुंपलेला असतो. जनगणना आली, शिक्षक काढा. सर्वेक्षण आले, शिक्षक काढा. लोकशाहीचे प्रत्येक काम शिक्षकाने करायचे, फक्त लोकशाही शिकवायचे काम सोडून. आणि मग मतदानाचा टक्का घसरला की याच शिक्षकाने मुलांच्या हाती फलक देऊन प्रभातफेरी काढायची. याला विनोद म्हणणे हा विनोदाचा अपमान आहे.

मुलांवर ओझे वाढेल, असा शेवटचा आक्षेप उरतो. एक पानही वाढवू नका. उलट पाठ कमी करा, सनावळ्या गाळा, संकल्पनाचित्रातल्या चौकटी निम्म्या करा. फक्त एक प्रश्न असा ठेवा, ज्याच्या पुढे कंस नाही. तोही नवा शोधायला नको. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा. अर्जाला शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. शिवाय आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो. परीक्षेच्या मापाने शिवून तयार ठेवलेला प्रश्न याहून कोणता? प्रत्येक मुलाने आपल्या गावातल्या किंवा प्रभागातल्या एखाद्या कामाची माहिती मागणारा अर्ज उत्तरपत्रिकेत लिहावा, चार गुण घ्यावेत. पाठांतर चालणार नाही, कारण रस्ता प्रत्येकाचा वेगळा आणि खड्डाही वेगळा. अपेक्षित प्रश्नसंच काढणाऱ्यांचे थोडे नुकसान होईल. ते सोसावे.

तोवर वाचकांनी एवढेच करावे. घरात दहावीचे मूल असेल तर आज जेवताना त्याला विचारावे, आपल्या प्रभागात नगरसेवक किती आणि कोण; गावी राहत असाल तर आपल्या वॉर्डातले ग्रामपंचायत सदस्य कोण. ते गप्प बसले तर रागावू नये. आधी आपण उत्तर द्यावे. चारांपैकी दोनच नावे आठवली, तर आपणही त्याच शाळेत शिकलो आहोत.