चारचौघांसारखे व्हा: साहित्य आणि कृती

ही कृती फक्त नवशिक्यांसाठी आहे. जन्मतःच चारचौघांसारख्या असलेल्यांनी पान उलटावं. ज्यांच्याबद्दल लहानपणी कुणीतरी 'हुशार आहे हो, पण...' असं म्हटलं असेल, त्यांनी मात्र जरा सरसावून बसावं. यातलं 'हुशार' विसरलं तरी चालेल, 'पण' लक्षात ठेवा. पण जरा एककल्ली आहे. पण माणसांत मिसळत नाही. पण पोळ्या अजून नकाशासारख्या होतात. आमच्या आळीत माझ्या नावाला आडनावाआधी 'पण' लागायचा.

चौथीच्या स्कॉलरशिपला नंबर आला तेव्हा अण्णांनी पेढे वाटले. प्रत्येक घरातून डबा परत येताना त्यात एक 'पण' घालूनच आला. पुण्यात 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी ज्ञानप्रबोधिनी आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तिथे गेले असते तर निदान वर्गापुरती तरी चारचौघींतली झाले असते. पण आमच्या तालुक्याहून पुणं लांब होतं आणि अण्णांच्या पगाराहून तर फारच लांब. तेव्हा हे शिक्षण घरच्या घरीच घ्यावं लागलं. ते असं.

साहित्य: एक बेताचं हसू. 'हो ना', 'काय सांगता' आणि 'मग काय' हे तीन शब्दप्रयोग. कांद्याचा आजचा भाव. एका चालू मालिकेची साधारण माहिती. संपूर्ण नको, कारण तुम्ही सगळे भाग लक्षात ठेवून तारखांसकट सांगू लागाल आणि केलेलं सगळं पाण्यात जाईल. संयम, लागेल तितका.

कृती: वर्गात उत्तर येत असेल तर हात वर करू नये. पहिला आठवडा हात आपोआप वर जातो, म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसावं. बोटांना मुंग्या येतात, त्या येऊ द्याव्यात. मुंग्या चारचौघांनाही येतात. दुसऱ्या आठवड्यापासून चेहऱ्यावर काम करायचं. सरांनी प्रश्न विचारताच फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघावं, जणू उत्तर तिथे पालीसारखं चिकटलंय आणि खाली पडायची वाट बघतंय. हे जमलं की पुढचा धडा घ्यावा. तो अवघड आहे आणि त्यात मी स्वतः नापास झाले आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

मुद्दाम चुकणे. आठवीत माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला गणितात साठ-एकसष्ट पडत. डबा उघडला की तिच्याभोवती सहाजणी जमत. माझ्याभोवती फक्त परीक्षेच्या आदल्या दिवशी गर्दी व्हायची. मी विचार केला, आपल्यालाही साठ पडू लागले तर डब्याची काही सोय होईल. म्हणून सहामाहीच्या गणिताच्या पेपरात मी ठरवून चुका केल्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ 154 यायचं, मी 145 लिहिलं. सरळव्याज 720, मी 270. बाकी राहिली 63, मी लिहिली 36. रीतही त्याप्रमाणे मागे जाऊन बिघडवली, म्हणजे तिचे मार्क मिळू नयेत. खरं सांगते, बरोबर सोडवण्यापेक्षा दुप्पट वेळ लागला.

मार्क पडले 58. तिला 61. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापेक्षा तरी कमी होते आणि मधल्या सुट्टीपर्यंत हवेत चालत होते. मधल्या सुट्टीत सरांनी बोलावलं. स्टाफरूममध्ये माझा पेपर उघडा पडला होता आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराशेजारी त्यांनी पेन्सिलीनं एकेक आकडा लिहिला होता: 9, 450, 27.

'काय आहे हे?' सर म्हणाले.

'चुकलं सर.'

'ते दिसतंय मला. तुझ्या प्रत्येक चुकीला नवानं भाग जातो. का?'

मी गप्प. मला माहीत होतं का ते. आकड्यातले अंक उलटसुलट केले की जुन्या आणि नव्या आकड्यातल्या फरकाला नवानं भाग जातोच. पण हे माहीत असणं हाच तर माझा गुन्हा होता, तो कबूल कसा करणार?

'अगं, खोटं चुकायचं तर धड चुकावं,' सर म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी पेपर पालथा केला आणि मागे लिहिलं: 3524. 'यातले अंक मोठ्याकडून लहानाकडे लाव, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी कर.' 5432 वजा 2345, आले 3087. 'परत.' 8730 वजा 0378, आले 8352. 'परत.' 8532 वजा 2358, आले 6174. 'आता परत.' 7641 वजा 1467. पुन्हा 6174. मी आणखी एकदा केलं. तेच. मग सरांनी त्यांची चहाची बशी माझ्याकडे का सरकवली, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. डहाणूत 1905 साली जन्म, पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिक्षण, आणि मग 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. एम. ए. नाही, डॉक्टरेट नाही. रिकाम्या वेळात आकड्यांशी खेळत बसत आणि त्यावर लिहीत. गणितातल्या कित्येक जाणत्यांना तो पोरखेळ वाटे. 1975 साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या त्यांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला देवळाली कळली. 6174 हा आता कापरेकर स्थिरांक. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही तिथेच येता. कापरेकरांचं जन्मसाल 1905 घेतलंत तर बरोब्बर सात लागतात. (मी करून बघितलंय. अर्थातच.)

'फक्त एक अट,' सर म्हणाले, 'चारही अंक सारखे नकोत. 1111, 2222. तसं असलं की हातात शून्य येतं.' सरांनी ही अट निव्वळ गणित म्हणून सांगितली होती. मी ती उचलून भलतीकडेच नेऊन ठेवली. तुम्ही तसं करू नका, हा नवशिक्यांचा अभ्यासक्रम आहे.

शेजारच्या बाकावरच्या मुलीचं काय झालं, तेही सांगून टाकते. पुढच्या चाचणीला ती उठून 88 वाल्या मुलीशेजारी जाऊन बसली. माझ्याकडून तिला हवा होता तो डबा नव्हे, उघडा पेपर. आणि 58 वाल्याचा पेपर कोण बघतो?

हमखास होणाऱ्या चुका. यात पहिला क्रमांक छंदाचा. शाळेला एसटीनं जाताना मी तिकिटं जमवू लागले. प्रत्येक तिकिटावरच्या नंबराचे शेवटचे चार अंक घ्यायचे आणि आपला थांबा येईपर्यंत 6174 गाठायचं. शेजारची बाई डोकावून विचारायची, 'हिशोब लागत नाही का गं?' आणि मी म्हणायचे, 'हो ना.' वरच्या साहित्यातला पहिला शब्दप्रयोग असा उपयोगी पडतो.

पुढे कळलं की या चुकीत मी एकटी नाही. विल्यम जेम्स सायडिस हा आमच्या पंथाचा सर्वांत मोठा नापास विद्यार्थी. जन्म 1898, न्यूयॉर्क. अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये, आणि 1910 च्या जानेवारीत तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींतल्या आकृत्यांवर व्याख्यान. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. मोठा झाल्यावर त्यानं ठरवलं, आता चारचौघांसारखं जगायचं. हिशोबाच्या यंत्रावर बेरजा करायची कारकुनी धरायची, आणि कुणी ओळखलं की ती सोडून दुसरीकडे जायचं. फार चांगली योजना, मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. पण त्याला ट्रामच्या बदली तिकिटांचा नाद होता. एका ट्राममधून उतरून दुसरीत बसताना मिळतं ते. चारचौघं असं तिकीट चुरगाळून टाकतात. सायडिसनं ती जमवली, आणि 1926 साली टोपणनावानं त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं! 1937 मध्ये 'न्यूयॉर्कर'नं त्याला शोधून काढून त्याच्या खोलीसकट, कपड्यांसकट छापलं. त्यानं खाजगी आयुष्यात ढवळाढवळ केली म्हणून दावा लावला, 1940 मध्ये हरला. एकदा लोकांच्या नजरेत आलेल्या माणसाचं पुढे काय झालं, यात लोकांना रस असणारच, असं न्यायालयाला वाटलं. 1944 मध्ये, 46 व्या वर्षी, तो गेला. त्याच्या गोष्टीतून लोक 'मुलांना फार लवकर शिकवू नये' असं काहीतरी काढतात. मला दरवेळी त्या तिकिटांचीच आठवण येते. त्याला बरं वाटत असणार ती हातात घेऊन.

लग्नकार्यात कसं वागावं, हा धडा थोडक्यात उरकते. पंगतीत किती पानं, किती जिलेब्या, याचा हिशोब मनातल्या मनात करावा. मावशीनं 'अगं, मांडव दिसतोय ना केवढा' म्हटलं की 'काय सांगता' म्हणावं. क्षेत्रफळ सांगू नये.

आता प्रगत पाठ, कार्यालयीन. मी सध्या एका पतसंस्थेत आहे. परवा संध्याकाळी कॅश बंद करताना 3,600 रुपये जास्त निघाले. जास्त निघणं कमी निघण्याइतकंच वाईट. कॅशिअर दोनदा नोटा मोजून घामाघूम. मॅनेजर फोनवर. मी आकडा ऐकला आणि मान खाली घातली. तीन हजार सहाशे. नवानं भाग जातो. कुणीतरी 7,300 च्या भरणा स्लिपवर 3,700 मारलेत, किंवा त्याच जातीचं काहीतरी. नियम असा: अशा वेळी निदान दहा मिनिटं गप्प बसावं. मग उठून पाणी प्यावं. मग 'मी सहज एकदा स्लिपा बघू का?' असं विचारावं, आणि सापडल्यावर 'नशीब बघा' म्हणावं. हा नियम मी अकरा वर्षं पाळतेय, आणि नशीबवान म्हणून माझी संस्थेत ख्याती आहे.

आठव्या मिनिटाला माझं लक्ष समोरच्या टेबलावर गेलं. तीन महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. फारशी बोलत नाही, डबा एकटीच खाते. ती घड्याळाकडे बघत होती. तिच्यासमोरच्या रद्दी कागदावर कोपऱ्यात 3600 लिहिलेलं, त्याखाली 400, आणि त्यावर बॉलपेननं इतकं घोटून खोडलेलं की कागद फाटला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. मी छताच्या कोपऱ्याकडे बघितलं. तीही तिकडेच बघू लागली.

सहा पन्नास झाले. माझी शेवटची गाडी सव्वासातची. दोघींपैकी कुणीही बोलेना. मॅनेजर म्हणाले, 'उद्या सकाळी लवकर येऊन बघू, काय?'

तेवढ्यात शिपाई मामा कपबश्या उचलायला आले. सत्तावीस वर्षं या संस्थेत चहा देतायत. ट्रे टेबलाच्या कडेला टेकवून म्हणाले, 'सायेब, कितीचा फरक हाय म्हनला? छत्तीसशे? मंग आकडा उलटा पडला आसंल कुठंतरी. सात-तीनचं नायतर आठ-चारचं बघा.'

स्लिप चौथ्या मिनिटाला सापडली. मामा तोपर्यंत खाली कपबश्या विसळत होते.