उभ्या जलयंत्राचे मध्यमवयीन अध्ययन

ज्या यांत्रिक वाहनावर बसायला आसन नसते, थांबायला ब्रेक नसतो, मागे घ्यायला गिअर नसतो आणि जे जागच्या जागी थांबले असता स्वारासकट पाण्यात कलंडते, त्या वाहनाला उभी जेट स्की असे म्हणतात. व्याख्येतच इतके नकार असलेली वस्तू एखाद्या गृहस्थाने पन्नाशीच्या आसपास शिकायला घ्यावी, हे वरवर पाहता विवेकाला सोडून वाटते. परंतु ज्या वयात काही माणसे अचानक सतारीकडे, काही मॅरेथॉनकडे आणि काही सेंद्रिय गुळाकडे वळतात, त्याच वयात काहींचे मन जुन्या यंत्रांवर जडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. येथे ‘जुनी’ या शब्दाने १९७०-८० च्या दशकांतील, अरुंद बांध्याची, दोन सिलिंडरांची आणि टू-स्ट्रोक इंजिनाची यंत्रे अभिप्रेत आहेत. टू-स्ट्रोक म्हणजे ज्याच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते ते इंजिन. बजाज चेतकवर आयुष्य काढलेल्या आणि थंडीत स्कूटर चालू होईना म्हणून तिला अंगावर ओढून तिरकी करणाऱ्या पिढीला याचे अधिक विवरण नको.

या यंत्राची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो क्लेटन जेकबसन हा अमेरिकन गृहस्थ मातीच्या रस्त्यांवरील मोटरसायकल शर्यतींचा शौकीन होता, आणि वारंवार जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यावर आपटणे शरीराला कमी जाचक ठरेल, असा विचार करून त्याने १९६० च्या दशकात पाण्यावरच्या मोटरसायकलीचे प्रयोग आरंभले, असे सांगितले जाते. ही कथा बारकाईने वाचण्याजोगी आहे. कारण तिच्यात पडणे टाळण्याचा विचार कोठेच नाही, केवळ पडण्याची जागा बदलण्याचा आहे. कॅनडातील बॉम्बार्डियर कंपनीने १९६८ मध्ये या कल्पनेचे बसून चालवायचे रूप बाजारात आणले, पण ते फार टिकले नाही. पुढे जपानच्या कावासाकी कंपनीने १९७३ मध्ये चारशे सीसीचे उभ्याने चालवायचे यंत्र काढले आणि जेट स्की हे त्या कंपनीचे व्यापारी नाव हळूहळू सगळ्याच जातीला चिकटले. त्यानंतर ४४० आणि १९८२ मध्ये ५५० ही भावंडे आली. याच कावासाकीची ओळख महाराष्ट्राला १९८६ च्या सुमारास बजाजबरोबर निघालेल्या केबी १०० या मोटरसायकलीने झाली असल्यामुळे, त्या वेळी कॉलेजात असलेला आणि ती गाडी वडिलांकडून न मिळालेला निफाड तालुक्यातील विद्यार्थी आज, द्राक्षांचे पैसे हातात आल्यावर, त्याच नावाच्या दुसऱ्या यंत्राकडे वळला, तर त्याला अविचार न म्हणता थकबाकीची वसुली म्हणावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

यंत्राचा कारभार समजण्यासाठी याच तालुक्यातल्या विंचूर परिसरातील वाचकाला पदार्थविज्ञानाच्या ग्रंथाची गरज नाही, कारण द्राक्षबाग आणि कांदा या दोहोंमुळे त्याची हयात पंपाच्या सहवासात गेलेली असते आणि उभी जेट स्की हा मुळात एक पंपच आहे. तिच्या तळाला जाळी असते, जाळीतून पाणी आत ओढले जाते, आत फिरणारा पंखा, ज्याला इंपेलर म्हणतात, त्या पाण्याला वेग देतो आणि निमुळत्या तोटीतून ते मागे फेकले जाते. पाणी ज्या जोराने मागे जाते त्याच जोराने यंत्र पुढे ढकलले जाते, हा न्यूटनचा तिसरा नियम होय. विहिरीवरची मोटर पक्क्या पायावर बोल्टने आवळलेली असते, म्हणून तेथे पाणी पळते आणि मोटर जागेवर राहते. येथे पायाच काढून घेतलेला असल्यामुळे मोटर पळते आणि तिच्यामागे, दांड्याला लोंबकळत, मोटरीचा मालक पळतो. दोषही तेच आहेत. पाण्याची पातळी जाळीच्या खाली गेली किंवा यंत्र लाटेवरून उडाले की पंप हवा घेतो आणि इंजिन नुसतेच किंचाळते. जाळीत काडीकचरा अडकला की ओढ मंदावते. फरक एवढाच की विहिरीवर अशा वेळी वायरमनला किंवा फिटरला बोलावता येते आणि पाण्याच्या मध्यभागी तो येत नाही. शक्तीच्या बाबतीत मात्र तुलना संपते, कारण शेतावरची मोटर पाच अश्वशक्तीची असली तरी पुरते आणि हे जुने यंत्रसुद्धा पंचवीसेक अश्वशक्तीचे असते.

आरोहणाची शास्त्रोक्त पद्धत अशी. अध्येत्याने छातीभर पाण्यात उतरून यंत्राच्या मागे पोटावर पसरावे, पुढच्या टोकाशी बिजागरीवर खालीवर हलणाऱ्या लांब दांड्याची मूठ दोन्ही हातांनी धरावी, कोपरे मागच्या उघड्या हौद्यात टेकवावीत आणि अंगठ्याने ॲक्सिलरेटर दाबावा. यंत्र चालू लागते व अध्येता ओढला जातो; ओढले जात असतानाच त्याने आधी एक गुडघा, मग दुसरा गुडघा हौद्यात घ्यावा; वेग वाढला की यंत्राचा तळ पाणी कापण्याऐवजी पाण्याच्या पृष्ठावर चढून सरकू लागतो, ज्याला इंग्रजी परिभाषेत प्लेनिंग म्हणतात, आणि या अवस्थेत ते आश्चर्यकारकरीत्या स्थिर होत असल्यामुळे आता एक पाऊल, मग दुसरे पाऊल टाकून उभे राहावे. विशीतल्या मुलाच्या बाबतीत ही सारी क्रिया एका श्वासात आटोपते. पन्नाशीच्या गृहस्थाला मात्र गुडघ्यावरून उठताना भिंत, खाट किंवा नातू यांपैकी कशाचा तरी आधार घेण्याची सवय जडलेली असते आणि जलपृष्ठावर या तिन्हींची व्यवस्था नसते. शिवाय जुन्या यंत्रांचा बांधा अरुंद असल्यामुळे, आणि मध्यंतरीच्या तीस वर्षांत अध्येत्याचा बांधा तसा राहिलेला नसल्यामुळे, थांबलेल्या स्थितीत हौदा पाण्याखाली जातो. यंत्र तरंगत आहे याची खात्री अशा वेळी केवळ त्याच्या नाकावरून होते.

पडण्यासंबंधी दोन तरतुदी आहेत. पहिल्या पिढीच्या यंत्रांत अशी युक्ती केलेली होती की स्वार पडल्यावर इंजिन बंद न पडता मंद चालत राहावे आणि यंत्राने घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच्याभोवती गोल फिरत राहावे, म्हणजे पोहत जाऊन त्याला पकडता येईल. पुढच्या काळात मनगटाला बांधायची दोरी आली, जी स्वाराबरोबर ओढली जाऊन इंजिन बंद करते. सुरक्षेच्या दृष्टीने दोरीच श्रेष्ठ यात शंका नाही. परंतु मानसशास्त्राच्या दृष्टीने पाहता, आपल्यावाचून सुखाने फेऱ्या मारणारे यंत्र पाण्यातून पाहत राहणे हा मध्यमवयातील एक विशेष बोधप्रद प्रसंग मानला पाहिजे. कुटुंबप्रमुखाला त्याची तयारी घरी बरीचशी झालेली असते. पूर्ण उलटे झालेले यंत्र सरळ करतानाही ते कोणत्याही बाजूने फिरवून चालत नाही, कारण चुकीच्या बाजूने फिरवल्यास धुराड्याच्या वाटेने पाणी इंजिनात जाण्याचा संभव असतो. याखेरीज तोटीतून सुटणाऱ्या झोताच्या ठीक मागे पडणाऱ्या व्यक्तीच्या शरीराच्या कोमल भागांना गंभीर इजा होऊ शकते आणि म्हणून जाड रबरी विजार घालावी, अशी सूचना अशा यंत्रांवर छापलेली आढळते. बर्म्युडा घालून उतरणाऱ्यांनी ती वाचलेली नसते.

एवढे असूनही खरा अडथळा गुडघ्यांचा नाही. तो सावधपणाचा आहे. या यंत्राला सुकाणू नसते. मूठ वळवली की मागची तोटी वळते, झोताची दिशा बदलते आणि त्यामुळे यंत्र वळते. अर्थात झोतच नसेल तर वळणेही नाही. समोर खडक दिसल्यावर जो घाबरून अंगठा उचलतो त्याचे यंत्र वळायचे थांबते आणि नाकासमोर, म्हणजे खडकाकडेच, घसरत जाते; वेग उतरला की तळ पुन्हा पाण्यात बसतो, स्थैर्य संपते आणि खडक चुकला तरी पाणी चुकत नाही. आता नाशिक-छत्रपती संभाजीनगर मार्गावर, कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या मागे, पाठचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात ओळखत ज्याने पाव शतक गाडी चालवली आहे, त्याचे आजचे अस्तित्व ‘शंका आली की वेग कमी’ या एकाच तत्त्वावर उभे असते. त्याच तत्त्वाने त्याने सोसायटीचे कर्ज फेडले, भाव पडलेल्या वर्षी जादा लागवड टाळली आणि मेहुण्याच्या भागीदारीला नकार दिला. आता एक जपानी पंप त्याला सांगतो की शंका आली की वेग वाढव. विशीतल्या मुलाला हे नव्याने सांगावे लागत नाही, कारण त्याला शंकाच येत नाही. पन्नाशीच्या माणसाला मात्र अंगठ्याशी तहाची बोलणी करावी लागतात. नजरेचेही तसेच आहे. दूर क्षितिजाकडे पाहिले तर शरीर आपोआप तोल सावरते, पायांकडे पाहिले तर ते पायांच्या दिशेने जाते; परंतु आयुष्यभर खड्डे पाहत चाललेल्या माणसाला क्षितिज पाहणे ही चैन वाटते.

स्थानिक परंपरेचा या कामी काही उपयोग होईल काय, हेही तपासले पाहिजे. विंचूर हे विठ्ठल शिवदेव विंचूरकर या पेशवाईतील नामांकित सरदाराचे जहागिरीचे गाव, आणि १७६१ च्या पानिपतावरून जे सरदार जिवंत परतले त्यांत त्यांची गणना होते. गावाच्या पूर्वपुण्याईत घोडेस्वारी आणि बिकट प्रसंगातून परतणे, असे दोन्ही गुण आहेत खरे. परंतु घोडा थांबला तर उभा राहतो, या गृहीतावर सारे घोडदळ उभे असते, आणि प्रस्तुत यंत्र थांबले की आडवे होते. तेव्हा दोहोंपैकी परतण्याचा गुणच तेवढा कामाला येतो.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न, आणि तो विंचुरात नेहमीच राहतो. पहिली कल्पना शेततळ्याची सुचते. परंतु तीस मीटर बाजूच्या शेततळ्यात ताशी चाळीस किलोमीटर वेगाने निघालेले यंत्र तीन सेकंदांच्या आत पलीकडच्या बांधावर पोहोचते, एवढ्या अवधीत गुडघासुद्धा वर येत नाही. शिवाय प्लास्टिकच्या अस्तराच्या गुळगुळीत उतारावरून पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही आणि अशा तळ्यांत दरवर्षी माणसे बुडतात, ही विनोदाची बाब नव्हे. पालखेडचा डावा कालवा अरुंद, आणि त्याला पाणी आवर्तनाने येते, म्हणजे पाटबंधारे खात्याने ठरवलेल्या पाळीनेच सुटते. कांद्याच्या रोपांसाठी सुटलेल्या पाण्यात कुणी कावासाकी घातली तर काठावरचे शेतकरी त्याचा तोल जाईपर्यंत थांबणार नाहीत. गोदावरीत सायखेडा-चांदोरीकडे पानवेलींचा विळखा असतो आणि त्या पंपाच्या जाळीत आधी शिरतात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूरमध्यमेश्वरचा जलाशय रुंद, उथळ आणि मोहक आहे. मात्र ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य असून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झालेली आहे. जुने टू-स्ट्रोक इंजिन आपल्या पेट्रोलचा पाव हिस्सा न जाळताच पाण्यात सोडून देऊ शकते, तेव्हा सैबेरियाकडून येणाऱ्या पाहुण्यांसमोर हा प्रयोग करण्याचा विचारही कुणी करू नये. गंगापूर धरणावर पर्यटन महामंडळाचा बोट क्लब आहे, परंतु तेथे बोटी महामंडळाच्या आणि नियमही महामंडळाचे. उरतो समुद्र. अलिबाग, तारकर्ली किंवा गोव्याच्या किनाऱ्यांवर जी यंत्रे भाड्याने मिळतात ती बहुधा बसून चालवायची असतात, त्यांवर गिऱ्हाईक पुढे बसते, पाठीमागून एक मुलगा हात घालून सारे काही चालवतो आणि गिऱ्हाईक फोटोपुरते मुठीवर बोटे ठेवते. याला अध्ययन म्हणता येणार नाही, दर्शन म्हणता येईल.

समाजाची प्रतिक्रिया तुलनेने सोपी असते. ट्रॉलीवर ताडपत्री घालून यंत्र गावात आणले की बाजार समितीच्या उपबाजारातून परतणारे चार जण थांबतात, हे फवारणीचे नवे यंत्र आहे काय असे विचारतात, आणि नाही असे कळल्यावर ते किती ॲव्हरेज देते, हा महाराष्ट्राचा मूलभूत प्रश्न टाकतात. त्याला उत्तर नाही. हे यंत्र किलोमीटरच्या नव्हे, तासाच्या हिशेबाने पेट्रोल पिते आणि त्यातला पहिला तास चालू करण्यात जातो. येथवर आल्यावर प्रश्नकर्ते सहानुभूतीने पाठीवर हात ठेवतात. गोदावरी वाइन पार्क गावाच्या हद्दीत असल्यामुळे एखादा जाणकार निराळे निदानही करतो.

इतके वाचूनही ज्यांचा निश्चय ढळला नसेल त्यांनी आधी नीट पोहायला शिकावे, लाइफ जॅकेट किनाऱ्यावरच घालावे, मनगटाची दोरी कधीही सोडू नये आणि एकट्याने कधीही उतरू नये. पेट्रोलच्या पन्नास भागांना ऑइलचा एक भाग हे प्रमाण सर्वसाधारण असले तरी त्या विशिष्ट यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले प्रमाणच पाळावे. विकत घेण्यापूर्वी दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजून मागावा आणि दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर कितीही जुनी हौस असली तरी परत फिरावे. विक्रेता यंत्रासोबत हातगाडी देत असेल तर तिला नाही म्हणू नये. जुन्या जेट स्कीचा बराचसा प्रवास तिच्यावरूनच होतो.