अश्मयुगाची बदामी भाकरी

धान्य, कडधान्य, दूध आणि साखर या चारी जिनसांना सरसकट मनाई करून, शेतीचा शोध लागण्यापूर्वीचा शिकारी मनुष्य जे खात असे तेवढेच खाल्ल्याने वजन उतरते, असा जो आहारधर्म आमच्या शहरातील सुखवस्तू मंडळींत हल्ली रुजू झाला आहे, त्याच्या इतर कलमांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती बदामाच्या पिठाच्या भाकरीविषयी.

रानटी बदाम कडू असतो आणि चावला की त्यातून सायनाइड सुटते. गोड बदाम ही अरण्याची देणगी नसून पश्चिम आशियातील बागाईतदारांनी निवडून वाढवलेली, म्हणजे सर्वस्वी शेतकीची कमाई आहे. गुहावासी पूर्वजाने या मंडळींप्रमाणे वाटीवाटीने बदाम रिचवले असते, तर त्याचे वजन एकाच बैठकीत कायमचे उतरले असते.

बरे, हे प्रागैतिहासिक अन्न येते कोठून? जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात. तेथे कालव्यांचे पाणी पाजून बागा जगवतात, फेब्रुवारीत फुलोरा आला की परागीभवनासाठी भाड्याच्या मधमाश्या ट्रकांत भरून आणतात, आणि मग तो माल जहाजावर चढून, समुद्र ओलांडून, जकातीचा भरणा करून आमच्या गुहेत, म्हणजे सातव्या मजल्यावर, दाखल होतो. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप, त्या शिकाऱ्याची हकीकत तर याहून वेगळी आहे. जॉर्डनमधील शुबायका येथील चुलाण्यांत सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे करपलेले तुकडे सापडले, आणि त्या प्रदेशात शेती सुरू झाली ती त्यानंतर सुमारे ४,००० वर्षांनी. अर्थात माणसाने भाकरी आधी भाजली आणि नांगर मागाहून धरला. असा हा मूळपुरुष आज आमच्या व्रतस्थांच्या पंगतीस आला, तर नियमभंगाबद्दल त्याला पहिल्याच दिवशी पानावरून उठवतील.

इथवर हसता येते; पुढे येत नाही. रायगडच्या डोंगरात कातकरी बाई आजही कडू कंद खणते, त्याचा कडवटपणा जावा म्हणून राख घालून तो उकळते, ओढ्यात खेकडे धरते, आणि हंगाम सरला की बिऱ्हाड पाठीवर टाकून वीटभट्टीची वाट धरते. शिकार आणि वेचणी म्हणजे काय हे जिला खरोखर ठाऊक, तिला सल्लामसलतीची फी देऊन कोणी बोलावले नाही. उलट रानात कंद खणताना आढळली तर जाब तिलाच द्यावा लागतो. मळणीच्या खळ्यावरून आलेली ज्वारी, तूर आणि घरचे दही यांना ताटातून हद्दपार करून त्या रित्या जागेला पूर्वजांचे नाव देणाऱ्यांनी निदान एकदा तिच्या झोपडीशी जाऊन विचारावे, की बाई, वर्षभर पोटभर भाकर मिळाली तर कंद खणायला जाशील काय? उत्तर मात्र उभ्यानेच ऐकावे. ते कोणत्याही आहारपत्रिकेत छापण्याजोगे नसेल.