हरकत नोंदवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सुजाण नागरिकाने कायद्याचा किंवा नियमांचा सरकारी मसुदा वाचू नये. वाचला की मत बनवायला वेळ लागतो आणि तोवर हरकती-सूचनांची मुदत उलटते. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार ही मुदत किमान ३० दिवसांची असावी. त्यातले पहिले २८ दिवस असा काही मसुदा निघालाय हे कळण्यात घालवावेत.

मसुदा मराठीत नसेल तर खचू नये. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा २०२० चा मसुदा राजपत्रात आला तो ११ एप्रिलला, सगळा देश घरात कोंडलेला असताना, आणि फक्त हिंदी-इंग्रजीत. ज्यांच्या शेताशेजारी खाण यायची त्यांनी तो वाचायचा कसा? दिल्ली उच्च न्यायालयाने २२ भाषांत भाषांतर करायला सांगितले, मुदतही ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. भाषांतरकारापेक्षा वकील लवकर मिळतो, दुसरे काय!

आता प्रत्यक्ष हरकत. ती स्वतः लिहिण्याचा मोह आवरावा. सोसायटीच्या ग्रुपवर तयार नमुना येतोच. त्यातले ‘येथे आपले नाव लिहा’ खोडायला विसरलात तरी बिघडत नाही. सरकारदरबारी या नावाचे नागरिक पुष्कळ आहेत. २०१५ साली दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने इंटरनेटच्या समान वापराविषयी ११८ पानांचा कागद काढून २० प्रश्न विचारले, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट जाहीर केले. पारदर्शकता म्हणतात ती हीच. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्णय चक्क लोकांच्या बाजूने लागला. असे अपघात व्हायचेच. त्यापायी आपली शिस्त मोडू नये.

काही विघ्नसंतोषी मंडळी मात्र कलमाचा क्रमांक देतात, कोणते शब्द बदलावेत ते सांगतात, आणि त्या कलमामुळे आपल्या विहिरीचे, रस्त्याचे काय होईल तेही चार ओळींत मांडतात. अशी हरकत गठ्ठ्यात बांधता येत नाही. ती कुणाला तरी वाचावी लागते. कार्यालयातल्या माणसांची दुपार अशी नासवणे आपल्या संस्कारांत बसत नाही.

मुदत संपली की त्याच रात्री ग्रुपवर सविस्तर लिहावे : ‘आपल्याकडे जनतेला कुणी विचारतच नाही.’ खाली भराभर अंगठे येतात आणि किती आले तेही लगेच दिसते. राजपत्रात ही सोय नाही.