सिस्टरआत्या

दवाखान्याच्या दारात आपण डॉक्टरांच्या नावापुढच्या डिग्र्या वाचतो. आमची आत्या चपला मोजते.

"सगळ्या घाईच्या चपला," पायरीवरच थांबून ती मला म्हणाली. "तपासून घ्यायचं आन् जायचं. कळा देणारीची माणसं रातभर बसल्याली असत्यात. त्यांच्या चपला भिंतीकडंला सरकवल्याल्या, एखादी पालथी पडल्याली. हितं तसली एक बी नाही. हितं कुणी थांबत नाही बघ."

मला सहावा महिना होता. पहिलं सीझर झालेलं, या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करावा असं मनात. तसा प्रयत्न करू देणारा डॉक्टर पुण्यात शोधायचा म्हणून मी आत्याला फोनवर सहज बोलले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या कराडहून एसटीने आली. पिशवीत सुपारीची डबी, घडी घातलेलं कालनिर्णय आणि दोरी बांधलेलं बॉलपेन. मुक्काम किती दिवसांचा हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आत्याने पाटण तालुक्यात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली. आधी डोंगरातल्या उपकेंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात. गावं तिला सिस्टर म्हणायची. पुढे पुढे आमचे आजोबा, म्हणजे तिचे सख्खे वडील, तेही तिला सिस्टर म्हणायला लागले. रिटायर झाली ती पगारापुरती. दवाखान्याच्या छपराखाली ती अजून डोळा मिटत नाही. माझ्या सीझरच्या वेळी तीन रात्री स्टुलावर ताठ बसून होती. सलाइन संपत आलं की तिथल्या नर्सच्या आधी तिला कळायचं, आणि आपल्याला आधी कळलं हे ती नर्सला कळवायची.

त्या सीझरचं कारण आत घरात ट्रक खेळत होतं. माझा थोरला पायाळू. शेवटपर्यंत फिरलाच नाही. "त्यो उलटा बसला ही त्याची खोड, तुझी नव्हं," आत्याचं मत. डॉक्टरी भाषेतही तेच म्हणतात: पहिलं सीझर बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल आणि या वेळी बाळ डोक्याकडून असेल, तर नॉर्मलची शक्यता चांगली. सीझरने काढलेलं पोर पायाळू धरायचं की नाही यावर मात्र आमच्याकडे दोन पक्ष आहेत. चौतीस वर्षं सरकारी इंजेक्शनं टोचलेली आत्या उसण भरली की पालथी पडते, त्याला पाठीवर उभं करते आणि पाच मिनिटांत "उतार पडला" म्हणून उठते. तेव्हा तिचा पक्ष सांगायला नको.

नवऱ्याने अकरा डॉक्टरांची एक्सेल शीट केली होती. रकाने तीन: अंतर, पॅकेज, पार्किंग. आत्याने चष्मा लावून ती नीट पाहिली. "जावईबापू, आणखी एक रकाना काढा. रात्री येत्यात का?" हा रकाना भरता भरता सात नावं गळाली. उरलेल्या चार ठिकाणी आम्ही जातीने गेलो.

चपलांच्या त्या दवाखान्यात स्वागतकक्षात एक गुलाबी फळा होता. त्यावर महिन्याभरात जन्मलेल्या बाळांची वजनं, तारखा, वेळा. आत्याने कालनिर्णय काढलं आणि बॉलपेनने ताळा घेत बसली. "रविवारी एक बी नाही. रातच्याला एक बी नाही. आन् गुरुपुष्याला पाच! बाळं काय ब्यांकेत लागल्यात का?" सगळे वळून बघायला लागले. मी पोटाआड लपायचा प्रयत्न केला. तेवढं ते मोठं झालं नव्हतं.

आत डॉक्टर स्वच्छ बोलले. "एकदा सीझर की पुढे सीझरच. आमच्याकडे ट्रायल नाही." आता आत्या भडकणार म्हणून मी तिचा हात धरला, तर तिने नमस्कार केला. "खरं बोललासा, उपकार झाले." बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यो बरा. पैसे घ्यायच्या आधी सांगितलं."

डॉक्टरांचं ते वाक्य मुळात न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन यांचं, १९१६ सालचं. तेव्हा गर्भपिशवीवर वरून खाली उभा छेद घेत, आणि पुढच्या कळांनी तो उसवायची भीती मोठी. क्रेगिनना सांगायचं होतं ते असं, की पहिलंच सीझर उठसूट करू नका, ते पुढच्या बाळंतपणांना भोवतं. या नियमाला अपवाद असतात, हेही त्यांनीच लिहिलं होतं. नंतर १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या भागातल्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला. तो पुष्कळ पक्का बसतो. छेद बदलला, वाक्य तेवढं राहिलं. हे सगळं मी रिक्षात आत्याला सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "जुनी ऑर्डर. आमच्या खात्यात बी असायच्या. काढणारा मरून गेला तरी पाळणारं असत्यात."

दुसरीकडे डॉक्टर इतक्या गोड की मी तिथेच नाव घालायला निघाले. "का नाही होणार? नक्की नॉर्मल करू या! पॉझिटिव्ह राहायचं." माझ्या डोळ्यांत पाणी. आत्याचा पत्ता नाही. ती जिन्याखाली तिथल्या मावशींबरोबर सुपारी खात बसली होती. आयाबाईंची मुलाखत ही तिची मुख्य परीक्षा, डॉक्टरांची तोंडी. परत आली ती निकाल घेऊनच. "या छत्तिसाव्या आठवड्यापत्तुरच्या डॉक्टर. मग पाणी कमी व्हतं, न्हाईतर बाळ मोठं व्हतं, न्हाईतर नाळ गुंडाळल्याली दिसती."

"पण आत्या, त्या हो म्हणाल्या."

"हो म्हणाया काय पैसं पडत्यात?"

तिसऱ्या ठिकाणी दवाखानाच नव्हता. एक सुंदर बंगला, मेणबत्त्या, बासरीची कॅसेट. आधीच्या सीझरला घाबरू नका, बाईचं शरीर सगळं जाणतं, इथेच पाण्याच्या टबात करू, असं तिथल्या बाई म्हणाल्या. आत्याने एकच विचारलं, "थेटर कुठं हाय?" जवळच्या हॉस्पिटलात, अर्ध्या तासावर. आत्या उठली. दिवसभर टकळी चालवणारी बाई घरी येईपर्यंत गप्प. रात्री भांडी पुसताना बोलली. पावसाळा होता, एका बाईला वाडीवरून जीपने आणलेली, आधीचा टाका होता. कळा एकदम थांबल्या, पोट एका बाजूला वर आलं. तिथून कराडपर्यंत आत्या जीपमध्ये तिचा हात धरून बसली होती. "आई वाचली," ती म्हणाली आणि ताट उगाच दुसऱ्यांदा पुसलं. "ज्यांनी पिशवी फाटल्याली बघितली नाही, त्यांनीच असं गोड बोलावं."

त्या रात्री नवऱ्याने आकडे काढले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खासगी दवाखान्यांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरची, सरकारीतली १४.३ टक्के. बघा, पैसा! असा त्याचा सूर. आत्याने तोही सरळ लागू दिला नाही. "सरकारीत कमी ते समदं पुण्य नव्हं, जावईबापू. कितींदा भूल द्यायलाच कुणी नसायचं, मग पुढं पाठवायचं. आन् खासगीतली ती डॉक्टरीण एकटी. घरी पोर, रातच्याला भूलवाला फोन उचलत नाही, उद्या काय झालं तर माणसं काचा फोडत्यात. सीझर पाऊण तासाचं. कळांजवळ बसायला रात जाती. बसणाऱ्याची रात कोण मोजतंय? वाईट नसत्यात गं सगळी. पर आपल्याला बसणारी पायजे."

चौथ्या डॉक्टर मुळीच गोड नव्हत्या. केस पिकलेल्या, टेबलावर चिवड्याचा डबा. फाइल उघडून पहिला प्रश्न: "आतला छेद कुठला होता?"

आत्याने सापळा टाकला. "आडवाच असंल की मॅडम. पोटावर आडवाच दिसतोय."

"पोटावरचा आडवा असून आतला उभा असू शकतो. ऑपरेशनचा कागद आणा. त्याशिवाय मी काही बोलणार नाही."

टेबलाखाली आत्याने माझ्या गुडघ्याला असा चिमटा काढला की मी ओरडलेच. डॉक्टरांना वाटलं कळ आली.

तो कागद जुन्या दवाखान्यात मिळेना. साहेब नाहीत, कपाट बंद, पुढच्या आठवड्यात या. आत्याने काउंटरवर लेखी अर्ज दिला. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचा, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ सालचा नियम तिने दोनदा म्हणून दाखवला आणि समोरच्या बाकावर भाकरीचा डबा उघडून बसली. ठेच्याचा वास आतपर्यंत गेला. कागद ७२ तासांत नाही, दीड तासात आला. छेद आडवा, खालचा.

मग डॉक्टर बोलल्या. तुझ्यासारख्या चार जणींनी प्रयत्न केला तर साधारण तिघी मोकळ्या होतात. टाका उसवायचा धोका दोनशेत एक. छोटा आहे, पण उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून कळा आपोआप सुरू व्हायची वाट बघू. औषधाने आणल्या तर धोका वाढतो. कळा लागल्या की घरी थांबायचं नाही. बाळाचे ठोके सतत मशीनवर, थिएटर तयार, रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ हाताशी. "आणि ठोके उतरले तर मी तुला विचारत बसणार नाही. घेणार. मान्य?"

आतापर्यंत सगळे मला नॉर्मल होणार की नाही ते सांगत होते. कुठे थांबायचं ते प्रथमच कुणी सांगितलं. मी हो म्हणायच्या आत आत्याच "मान्य" म्हणून बसली.

"कितव्या आठवड्यात विचार बदलता?" तिने जाता जाता विचारलं.

"बाळाने बदलायला लावला तर कितव्याही," डॉक्टर म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा पुढे केला. आत्याने मूठभर घेतला. परक्या दवाखान्यात ती पाणीसुद्धा पीत नाही.

शनिवारी दुपारी कळा सुरू झाल्या. पुढचं मला नवऱ्याकडून कळलं, कारण मी आत होते आणि आत मला घड्याळ सोडून काही दिसत नव्हतं. आत्या लेबर रूमबाहेरच्या बाकावर नेहमीसारखी ताठ बसली. संध्याकाळी मावशींशी बोलून झालं. नऊला सिस्टरला दोन सूचना देऊन झाल्या. अकराला ती उठली आणि दाराशी जाऊन खाली वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिली. नवऱ्याला वाटलं, सुपारीची डबी पडली असेल. दाराशी डॉक्टरांच्या चपला होत्या. भिंतीकडेला सरकवलेल्या, एक पालथी.

आत्या परत आली, पिशवी उशाला घेतली आणि बाकावर आडवी झाली. पाच मिनिटांत घोरायला लागली. नवरा घाबरला, त्याला ही काहीतरी वाईट खूण वाटली.

पहाटे ३.४० ला मुलगी झाली. नॉर्मल. नवऱ्याने आत्याला हलवून उठवलं.

"मी कुठं झोपल्ये? डोळं मिटून बसल्ये," ती म्हणाली. मग पिशवीतून कालनिर्णय काढून वार बघितला. रविवार. दोरीचं बॉलपेन घेऊन त्या चौकटीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात दार उघडायचा आवाज आला तशी लगबगीने गेली, कमरेवर हात ठेवून उसणीसकट वाकली आणि डॉक्टर बाहेर यायच्या आत ती पालथी चप्पल सुलटी करून ठेवली.